सहा हजार प्रयोगांची कैद

लोकप्रियता म्हणजे नटाच्या साधनेचे सार्थक, असे आपण मानतो. अमेरिकन नट जेम्स ओनील यांची कारकीर्द पाहिली म्हणजे या समजुतीचा फेरविचार करावा लागतो.

आयर्लंडच्या किल्केनी परगण्यातून दारिद्र्यापायी अमेरिकेत आलेल्या कॅथलिक कुटुंबातील हा मुलगा. लहान वयातच त्याच्या वाट्याला मजुरी आली. तरीही रंगभूमीवर त्यांनी असा लौकिक मिळवला की, शिकागोत एडविन बूथ या थोर नटासमवेत 'ऑथेल्लो'तील दोन्ही प्रमुख भूमिका आलटूनपालटून करण्याचा मान त्यांना लाभला. १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'पॅशन' नाटकात ते प्रभू ख्रिस्ताच्या भूमिकेत उभे राहिले. धर्मभावना दुखावल्याची ओरड झाली आणि त्यांना अटक होऊन दंडही भरावा लागला.

१८८३ मध्ये द्यूमाच्या कादंबरीवरील 'मॉण्टे क्रिस्टो' नाटकातील एडमंड दांतेस त्यांच्याकडे आला. पुढे नाटकाचे हक्कही त्यांनी विकत घेतले. प्रयोगांची संख्या सहा हजारांच्या घरात गेल्याचे सांगतात. पैसा मिळाला, पण दुसरे नाटक लावले की प्रेक्षक पाठ फिरवीत. कादंबरीतला दांतेस तुरुंगातून निसटतो, त्याची भूमिका करणारा नट मात्र तिच्यातच अडकून पडला.

१९१३ साली अडॉल्फ झुकर यांच्या 'फेमस प्लेअर्स'ने हे नाटक चित्रपटात आणले. तेव्हा ओनील साठी ओलांडलेले होते आणि तरुण खलाशी रंगवीत होते. त्यांचे खरे बळ आवाजात होते. मूकपटाने नेमके तेच हिरावून घेतले. उरले ते दूरच्या प्रेक्षकासाठी घडवलेले मोठाले हातवारे. म्हणून या चित्रपटावरून त्यांच्या अभिनयाची योग्यता ठरवणे अन्यायाचे होईल.

त्यांचा निवाडा केला तो पुत्राने. नाटककार युजीन ओनील यांच्या 'लाँग डेज जर्नी इन्टू नाइट' या नाटकातील पिता एका किफायतशीर नाटकापायी आपली प्रतिभा गमावल्याची खंत बोलून दाखवतो. जेम्स १९२० साली निवर्तले. हे नाटक रंगभूमीवर आले १९५६ मध्ये. ते पित्याला दोष देते, पण त्याची दारिद्र्याची भीतीही समजून घेते. हीच त्याची थोरवी.

तरी एक आरोपी या खटल्यात सुटतो, तो म्हणजे प्रेक्षक. तीस वर्षे तेच ते मागणाऱ्याने नटाला लोभी म्हणावे काय? आपल्या आवडत्या कलावंताकडून आपण काय मागतो, हे वाचकांनीही स्वतःला विचारून पाहावे.