अपयशी नायकाचे सामर्थ्य

जे. आर. आर. टोल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही अद्भुतकथा १९५४-५५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाली. तिचा नायक फ्रोडो हा बुटक्या, घरप्रिय हॉबिट जातीचा. दुष्ट सत्तेची अंगठी अग्निपर्वतात टाकून नष्ट करण्याचे काम तो मनाविरुद्ध पत्करतो. अशा कचरणाऱ्या नायकाची वाचकांस ओढ का वाटावी? तो आपल्यासारखाच दुबळा आहे म्हणून, हे नेहमीचे उत्तर आम्हांस अपुरे वाटते.

व्यासपीठावरून फ्रोडोचा दाखला चिकाटीसाठी देण्याचा मोह होतो. परंतु ग्रंथ निराळेच सांगतो. अग्निपर्वताच्या काठावर पोहोचल्यावर फ्रोडो अंगठी टाकण्याचे नाकारतो व ती आपलीच म्हणून बोटात घालतो. अंगठीच्या लोभाने भ्रष्ट झालेला गॉलम त्याचे बोट दातांनी तोडून ती हिसकावतो आणि तोल जाऊन अग्नीत पडतो. ह्याच गॉलमला पूर्वी बिल्बोने व पुढे फ्रोडोने, ठार मारणे शक्य असता, दया करून सोडले होते. नायकाची इच्छाशक्ती जेथे संपली, तेथे ती दया फळास आली.

टोल्किन कॅथलिक होते. फ्रोडो अखेरीस अपयशी ठरला, हे त्यांनी आपल्या पत्रांत मान्य केले. मात्र त्यास दोषी मानले नाही. मोशेही पाचारणापुढे कचरला होता, आणि वचनदत्त देशात त्याचा प्रवेश झाला नाही. फ्रोडोही वाचविलेल्या आपल्या मुलखात सुखाने नांदू शकत नाही.

धर्मशिक्षकांनी ही कथा सांगताना काठावरचा तो प्रसंग गाळू नये. ज्याचा धीर सुटला आहे, त्याच्यासाठी तिच्याजवळ जे काही आहे ते तेथेच आहे.