पाळकाच्या अभ्यासिकेतील प्रेत

नाताळची धामधूम ओसरली की थंडीच्या रात्री रहस्यकथा वाचावयाच्या, हा आमचा जुना परिपाठ. यंदा ॲगाथा ख्रिस्ती यांची १९३० सालची ‘मर्डर ॲट द व्हिकरेज’ पुन्हा हाती घेतली. मिस मार्पलची ही पहिली कादंबरी. निवेदक मात्र अँग्लिकन धर्मगुरू क्लेमंट. कर्नल प्रोथेरोचा खून करणारा जगावर उपकारच करील, असे ते जेवताना बोलून जातात आणि पुढे त्यांच्याच अभ्यासिकेत कर्नलचे प्रेत सापडते. कोडे चोख सुटते. परंतु त्या वाक्याची धर्मगुरूंना अडचण होते, टोचणी फारशी लागत नाही. येथे कादंबरी आम्हांस उणी वाटली. एका धर्मग्रामस्थाविषयी आम्हीही एकदा जेवताना असेच बोललो होतो. महिन्याभरात त्याचा अंत्यविधी आम्हीच केला.