पाटीखाली उभं राहून: ग्राफिक डिझायनरला रोज सुचतं कसं?



आयोजकांनी मला विषय दिला तो असा: 'ग्राफिक डिझायनरला रोज नवं कसं सुचतं?' ऐकून मी जरा घाबरलो, कारण मलाच रोज नवं सुचत नाही. (हशा) खरंच सांगतो. वीसेक वर्षं हे काम करतोय, तरी आठवड्यातले तीन-चार दिवस समोर कोरी स्क्रीन आणि डोक्यात काहीच नाही, अशीच अवस्था असते. त्यामुळे आज युक्त्या सांगत बसणार नाही. आपण 'प्रेरणा' म्हणून जे गोळा करतो ते नेमकं काय असतं, एवढंच आपण मिळून तपासू या.

आधी माझी एक फजिती सांगतो. मी या धंद्यात नवीन होतो. एका दुकानाचं काम आलं. मसाले, पापड, कुरडया. मालक म्हणाले, पाटी जुनी झालीये, नवी करून द्या. मी काय केलं? दहा दिवस इंटरनेटवर बसलो. जगभरातली मसाल्यांची पाकिटं, दुकानं, बोधचिन्हं जमवली. शंभरेक चित्रांचं फोल्डर झालं. त्यातून बारीक रेषेची, हवेशीर, अगदी देखणी अक्षरं काढली, खऱ्या मापाचा प्रिंट घेतला आणि मोठ्या झोकात दुकानात गेलो. मालकांनी तो जुन्या पाटीशेजारी लावायला सांगितला. मग मला घेऊन रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या फुटपाथवरून म्हणाले, "आता वाचा." जुनी पाटी वाचता येत होती. माझी येत नव्हती. ते शांतपणे म्हणाले, "अहो, आमचं निम्मं गिऱ्हाईक बसच्या खिडकीतनं पाटी बघतं."

त्या दिवशी मी ती जुनी पाटी पहिल्यांदा नीट बघितली. दहा दिवस ती माझ्या डोक्यावरच होती, हं! पण मी खाली मान घालून फोनवर 'प्रेरणा' शोधत होतो.

आता त्या पाटीत काय होतं ते सांगतो, कारण आजच्या बोलण्याचा गाभा तिथेच आहे. देवनागरी अक्षराला तीन मजले असतात. मधे मुख्य अक्षर, शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, आणि खाली उकार. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना हा त्रास नाही. ती पाटीची अख्खी उंची घेऊन उभी राहतात. आपल्या अक्षराला मात्र वर आणि खाली जागा सोडावी लागते, म्हणून मुख्य अक्षर लहान होतं. पेंटरची अडचण ही होती. आणि त्यानं ती सोडवली होती! 'मसाले'मधल्या 'ले'ची मात्रा त्यानं उभी ठेवलीच नव्हती, जवळजवळ आडवी झोपवली होती, शिरोरेषेला समांतर. 'कुरडया'तला उकार आखूड करून 'क'च्या दंडाला चिकटवला होता. वरचा आणि खालचा मजला बुटका केला, त्यामुळे मधलं अक्षर दणदणीत झालं. हे त्यानं कुठल्या पुस्तकात वाचलेलं नसणार. शिडीवर उभं राहून, खडूची पूड लावलेल्या दोरीनं रेघा पाडताना त्याला ते सुचलं असणार.

माझं म्हणणं एवढंच आहे: सुचतं ते अडचणीतून. आपण जी चित्रं साठवतो ती बहुतेक वेळा उत्तरं असतात. दुसऱ्या कुणाची, दुसऱ्या देशातली, दुसऱ्या लिपीतली. प्रश्न कापून टाकलेला असतो आणि नुसतं उत्तर चौकटीत लावलेलं असतं. म्हणून शंभर चित्रं बघूनही हात हलत नाही. हललाच, तर नक्कल करतो.

मोठ्या माणसाचं उदाहरण घ्या. कमल शेडगे. तुमच्यापैकी अनेकांनी त्यांचं 'माझी अक्षरगाथा' पाहिलं असेल. टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात त्यांची नोकरी, आणि मराठी नाटकांची शेकडो शीर्षकं त्यांच्या हातची. ती अक्षरं आज आपण चकचकीत पुस्तकात बघतो आणि म्हणतो, काय प्रतिभा! आहेच. पण ती जन्मली कुठे? वर्तमानपत्राच्या पानावर. नाटकांच्या जाहिराती एकमेकींना खेटून, काळ्या-पांढऱ्यात, साधा कागद, शाई पसरणार हे ठरलेलं. फोटोला जागा नाही. मग नाटकाचं नाव एवढीच गोष्ट हातात उरते. त्या नावानंच नाटकाचा स्वभाव सांगायचा आणि शेजारच्या दहा नावांतून वाचकाचा डोळा ओढून घ्यायचा. शेडग्यांचं ठळक काळं अक्षर, काना-मात्रांशी त्यांनी घेतलेली मोकळीक, हे सगळं त्या दोन-चार इंचांचं देणं आहे असं मला वाटतं. ती चौकट काढून घ्या आणि नुसतं वळण उचला, की आजच्या कित्येक 'शेडगे स्टाइल' पोस्टरांसारखं होतं: अक्षर नाचतंय, पण का नाचतंय ते त्यालाच माहीत नाही. (हशा)

आता थोडं कडू बोलतो. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली: दुकानाची पाटी मराठीत हवी, आणि मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. म्हणजे बघा, एवढ्या प्रमाणात नव्यानं मराठी अक्षरं लिहून घेण्याची वेळ या राज्यातल्या बाजारपेठांवर क्वचितच आली असेल. आपल्यासाठी केवढी संधी! आणि आपण काय केलं? बऱ्याच ठिकाणी इंग्रजी नाव जसंच्या तसं, त्याचा खास घडवलेला लोगो, आणि शेजारी देवनागरीत कॉम्प्युटरवर हाताला लागला तो फॉन्ट. अनेकदा 'मंगल'.

यातली गंमत ऐका. 'मंगल' हा काही टाकाऊ फॉन्ट नव्हे. तो र. कृ. जोशींनी केलेला. कवी, सुलेखनकार, आयआयटीच्या पवईतल्या डिझाइन केंद्रात शिकवलेले शिक्षक. देवनागरी संगणकावर यावी म्हणून ज्यांनी कष्ट घेतले त्यांतलं हे मोठं नाव. हा फॉन्ट विंडोजबरोबर येत असे, कारण स्क्रीनवर, लहान आकारात, मेनूमध्ये मराठी-हिंदी वाचता यावी ही त्याची अडचण होती. ती त्यानं सोडवली. तोच ताणून दहा फुटी पाटीवर लावला तर दोष जोशींचा नाही, आपला आहे. शिवाय नुसती उंची मोजून 'समान आकार' धरला, की मघाचे ते तीन मजले आडवे येतात. एकूण उंची सारखी, पण मराठी नाव छोटं दिसतं. कायदा पाळला, अक्षर हरलं.

'ल' आणि 'श' बघा. शासनाच्या २००९ च्या आदेशात मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' सांगितलेला आहे. किती पाट्यांवर दिसतात? उद्या येता-जाता मोजा.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस जुन्याचे गोडवे गातोय. हल्ली 'देसी' नावाची एक टूम आहे. ट्रकमागची अक्षरं, हातानं रंगवलेली सिनेमाची पोस्टरं, गुलाबी-पोपटी रंग, आणि ते सगळं एखाद्या महागड्या कॅफेच्या मेन्यूवर. ही रस्त्याची प्रेरणा नाही, ही रस्त्याची चित्रं साठवणं आहे. ट्रकमागच्या अक्षराला सावली का असते? मागून येणाऱ्या गाडीवाल्याला धुळीतून, अंधारातून ते उठून दिसावं म्हणून. मेन्यूवर कुठली धूळ?

प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवायचाय. हं, मागच्या रांगेतून हात वर आहे.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, हे पटतं, पण क्लायंटच पिंटरेस्टची लिंक पाठवतो, म्हणतो 'असंच करा', आणि उद्या सकाळी द्यायचं असतं. तेव्हा काय करायचं?)

प्रामाणिक उत्तर देऊ? कधीकधी 'असंच' करून द्यावं लागतं. घरभाडं मलाही भरायचं असतं. पण एक प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात: "हे कोण वाचणार, कुठून वाचणार, आणि वाचताना त्याच्या हातात काय असणार?" लग्नपत्रिका आजीला चष्म्याशिवाय वाचायचीय. औषधाची चिठ्ठी रात्री दोन वाजता वाचायचीय. हे कळलं की ती लिंक आपोआप मागे पडते, निदान थोडी तरी. माझ्या बाबतीत दहापैकी सहा-सात वेळा क्लायंटलाच ते पटतं, कारण प्रश्न त्याच्या धंद्याचा असतो.

आणि रोजचं म्हणाल, तर मी एक छोटी वही ठेवतो. त्यात चित्रं नसतात. दिवसाला एक ओळ: आज कुणी कुठली अडचण कशी सोडवली. भाजीवालीनं पाटीच्या तुकड्यावर भाव लिहिताना 'पाव किलो' कसं बसवलं. रिक्षावाल्यानं मुलीचं नाव मागच्या काचेवर वळणासकट कसं कापून घेतलं. फोटोही काढा, ना नाही. पण खाली ती एक ओळ लिहा. ओळ लिहिता आली नाही, तर समजा की आपण नुसतं बघितलं, वाचलं नाही.

त्या मसाल्याच्या दुकानाचं पुढे काय झालं, ते राहिलंच. मी पाटी पुन्हा केली. मात्रा आडवी ठेवली, उकार आखूड ठेवला, 'ल' पाकळीचा केला. मालकांनी परत रस्ता ओलांडला, पलीकडून बघितलं, आणि परत येऊन म्हणाले, "जुनीसारखीच झालीये की!" (हशा) मला तेव्हा ते लागलं होतं. आज वाटतं, मिळालेली ती चांगली दाद होती.