‘प्रतिकार’ या क्रियेचा कर्ता कोण?

कर्करोगविषयक मराठी लेखनात ‘पेशी औषधाचा प्रतिकार करतात’, ‘औषधाला चकवायला शिकतात’ अशा धर्तीची वाक्ये वारंवार आढळतात. त्यांचे व्याकरण निर्दोष आहे. आक्षेप आहे तो त्या व्याकरणाने पेशीला बहाल केलेल्या कर्तृत्वावर.

एक सुपरिचित उदाहरण घेऊ. दीर्घकालीन मायलॉइड ल्यूकेमिया या रक्ताच्या कर्करोगात बीसीआर-एबीएल या विकरामुळे पेशींची वाढ अनिर्बंध चालते. अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता पावलेले इमॅटिनिब या विकराच्या खोबणीत बसून त्याचे कार्य थांबविते. परंतु विकरातील ३१५ व्या स्थानी थ्रिओनिनऐवजी आयसोल्यूसिन आले, की एक हायड्रोजन बंध नाहीसा होतो, जागाही अडते आणि औषध तेथे बसेनासे होते. हा बदल पेशीने योजिलेला नसतो. काही रुग्णांत तर तो उपचारापूर्वीच थोड्या पेशींत आढळला आहे. औषधाने इतर पेशी नष्ट होतात, या तेवढ्या उरतात व वाढतात. मग येथे ‘शिकले’ कोण?

सर्वत्र पेशी निष्क्रियच असते असे मात्र नव्हे. १९७६ मध्ये वर्णिलेले पी-ग्लायकोप्रोटीन पेशीच्या आवरणात राहून, एटीपीची ऊर्जा खर्चून, अनेक औषधे बाहेर टाकते. बीसीएल-२ या प्रथिनाचे आधिक्य असल्यास औषध आत पोचते, इजाही करते. पण पेशीचा नियत मृत्यू टळतो. औषध न बसणे, बाहेर टाकले जाणे आणि इजा होऊनही मृत्यू न येणे या तीन भिन्न घटना एकाच शब्दाखाली झाकल्या जातात.

शिवाय ‘रोगप्रतिकारशक्ती’मुळे ‘प्रतिकार’ हा शब्द मराठी मनात शुभार्थी रुजला आहे. ‘प्रतिकार वाढला’ हे वाक्य ऐकून रुग्णाच्या आप्तांना हायसे वाटले, तर दोष त्यांचा कसा म्हणावा?

संज्ञा म्हणून ‘औषधप्रतिकार’ राहण्यास हरकत नाही. शास्त्राला संक्षेप लागतोच. पण विवेचनात आपल्या बोलीतील ‘औषध लागू पडत नाही’ हा प्रयोग अधिक प्रामाणिक ठरतो. तो पेशीवर हेतू लादीत नाही आणि ‘का लागू पडत नाही?’ हा पुढचा प्रश्न मोकळा ठेवतो. संशोधनाचा आरंभ त्याच प्रश्नापासून होतो. ‘पेशी शिकली’ असे म्हणताच तो विचारण्याची गरजच उरत नाही.