ट्रिनिटी, द
इटालियन चित्रकार मासाच्चो (१४०१–२८) याचे प्रख्यात भित्तिलेपचित्र. फ्लॉरेन्समधील सांता मारिया नोव्हेल्ला या डोमिनिकन पंथीय चर्चच्या भिंतीवर ते सु. १४२५–२८ या काळात रंगविले गेले. त्याची उंची सु. ६·६७ मी. व रुंदी सु. ३·१७ मी. आहे. ‘पवित्र त्रैक्य’ म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे एकरूपत्व हा त्याचा विषय. यथादर्शनाच्या शास्त्रशुद्ध तत्त्वांवर उभारलेली, आज उपलब्ध असलेली ही सर्वांत आरंभीच्या चित्रांपैकी एक महत्त्वाची कृती होय.

चित्राची मांडणी खालून वर चढत जाते. तळाशी शवपेटिकेवर मानवी सांगाडा पहुडलेला असून, पाहणाऱ्यालाही हीच गती येणार आहे अशा आशयाचा इटालियन लेख त्यावर कोरल्यासारखा रंगविला आहे. त्याच्या वर, भित्तिस्तंभांच्या बाहेर, एक पुरुष व एक स्त्री प्रार्थनामग्न स्थितीत गुडघे टेकून बसली आहेत. चित्र करवून घेणाऱ्या घराण्यातील ही दोघे नेमकी कोण, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आतील दालनात क्रुसाच्या पायथ्याशी मेरी व संत जॉन, मध्यभागी क्रुसावरील ख्रिस्त, त्याच्यामागे क्रुसाला आधार देणारा पिता परमेश्वर आणि या दोघांच्या मध्ये कबुतराच्या रूपातील पवित्र आत्मा दिसतो. मेरी पुत्राकडे न पाहता प्रेक्षकाकडे पाहते व हाताने ख्रिस्ताकडे निर्देश करते. तिच्या मुद्रेत आक्रोश नाही. आहे ते केवळ गंभीर आवाहन.

चित्रातील दालन म्हणजे चौकटीदार नक्षीचे अर्धवर्तुळाकार कमानछत, कॉरिंथियन भित्तिस्तंभ व आयोनिक स्तंभ यांनी युक्त असे अभिजात रोमन घाटाचे बांधकाम. वास्तुकार ब्रूनेल्लेस्की याने यथादर्शनाची तत्त्वे प्रयोगाने सिद्ध केली होती. त्याच्या वास्तुशैलीशी या दालनाचे निकटचे साम्य आहे. सर्व रेषा प्रेक्षकाच्या दृष्टीच्या पातळीवरील एका बिंदूत मिळतात. ओल्या गिलाव्यावर कोरलेल्या मार्गदर्शक रेषा अद्यापही आढळतात. आल्बेर्तीने ही तत्त्वे चित्रकलेवरील ग्रंथात मांडली ती १४३५ मध्ये, म्हणजे मासाच्चोच्या मृत्यूनंतर.

मात्र पिता परमेश्वराची आकृती या नियमांच्या चौकटीत पूर्णपणे बसत नाही. खालून पाहणाऱ्याला ती जशी दिसावयास हवी तशी नसून सरळ समोरून पाहिल्यासारखी आहे. शिवाय ती दालनात नेमकी किती खोलवर उभी आहे, हेही निश्चित होत नाही. काहींना ही विसंगती वाटते, तर ईश्वर मानवी दृष्टीच्या मापाने मोजता येत नाही असा आशय इतरांना त्यात दिसतो. खुद्द मेरीच्या चेहऱ्यावर आखणीची जाळी कोरलेली आढळते, हे लक्षात घेता येथे केवळ अनवधान झाले असावे असे म्हणणे कठीण आहे. दुसरीकडे, मध्ययुगीन चित्रांत भक्तांच्या आकृती दैवी व्यक्तींच्या मानाने बहुधा लहान काढीत. येथे त्या जवळजवळ समान आकाराच्या आहेत. मर्त्य माणसाला लाभलेली ही प्रतिष्ठा प्रबोधनकालीन मानवतावादाशी सुसंगत आहे.

या चित्राचा पुढील इतिहास उद्बोधक आहे. चरित्रकार व्हाझारी याने, छतामुळे भिंत आरपार छेदल्याचा भास होतो, अशी त्याची प्रशंसा केली. पण १५७० च्या सुमारास त्यानेच चर्चच्या नूतनीकरणात त्यासमोर नवी वेदी उभारली व चित्र झाकले गेले. १८६० च्या सुमारास वरचा भाग पुन्हा उजेडात आला आणि भिंतीवरून काढून प्रवेशद्वाराच्या बाजूस हलविण्यात आला. त्यात त्याची बरीच हानी झाली. सांगाडा मात्र मूळ जागीच झाकलेला राहिला. तो १९५२ मध्ये सापडल्यावर दोन्ही भाग पूर्ववत जोडण्यात आले.

मधल्या सु. नव्वद वर्षांत दिसणारे चित्र सांगाड्याविना होते. त्यामुळे ते प्रामुख्याने भूमितीचा चमत्कार म्हणून पाहिले जाणे स्वाभाविक होते. संपूर्ण कृतीचा अर्थ मात्र त्याहून व्यापक आहे. मृत्यूपासून प्रार्थनेकडे, प्रार्थनेपासून ख्रिस्ताच्या बलिदानाकडे आणि तेथून ईश्वराकडे प्रेक्षकाची दृष्टी क्रमाने नेली जाते. यथादर्शनामुळे हा प्रवास प्रेक्षक उभा असतो त्याच जमिनीवरून सुरू होतो. तंत्र आणि श्रद्धा यांचा हा एकजीव मेळ हेच या चित्राचे खरे श्रेष्ठत्व होय.