‘बुडणे’, ‘बुडविणे’ आणि निकट कारण

तोंडवलीच्या किनाऱ्यावर ‘होडी बुडाली’ आणि ‘होडी बुडविली’ ह्या वाक्यांत जे अंतर, तेच फौजदारी न्यायात जबाबदारीचे अंतर ठरते. ‘बुडू दिली’ हे तिसरे वाक्य मात्र अडचणीचे होय. कुर्बान हुसेन रंगवाला खटल्याच्या १९६४ मधील निकालाची परीक्षा येथेच करावी लागते.

मुंबईतील रंगाच्या कारखान्यास आग लागून सात कामगार मृत्यू पावले. सर्वोच्च न्यायालयाने व्यवस्थापकास हयगयीने मृत्यू घडविल्याच्या आरोपातून मुक्त केले. आगीबाबतच्या हयगयीचा दोष तेवढा कायम राहिला. आधार होता सर लॉरेन्स जेंकिन्स ह्यांच्या १९०२ मधील कसोटीचा : कृत्य हे मृत्यूचे निकट व परिणामकारक कारण असावे, मध्ये दुसऱ्याची हयगय नसावी.

ज्यावाचून घटना घडली नसती अशा प्रत्येक गोष्टीस ही कसोटी गुन्हा मानीत नाही, हा तिचा गुण. परंतु ती एकच कर्ता गृहीत धरते. मराठीच्या प्रयोजक रचनेत करणारा व करविणारा असे दोघे नांदतात. एकाच्या कर्तृत्वाने दुसऱ्याचे लोपत नाही. तेव्हा कामगाराची चूक त्या धोकादायक मांडणीतूनच संभवत होती काय, हे विचारणे अवश्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्येही ‘मृत्यू घडविणे’ हीच कल्पना कायम असल्याने हा प्रश्न मिटलेला नाही.