प्रणयकादंबरीची निवड आणि वाचकमंडळाचा संकोच

वाचकमंडळाने चर्चेसाठी प्रणयकादंबरी घ्यावयाचे ठरवले की ती 'निव्वळ प्रणयकादंबरी' नसावी, असा आग्रह बहुधा धरला जातो. मग ना. सी. फडके यांची 'दौलत' (१९२९) मागे पडते आणि विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' (१९३४) पुढे येते. 'हिंदोळ्यावर'चे मोल निर्विवाद आहे. परंतु विवाहसंस्थेलाच प्रश्न विचारणारी कादंबरी निवडताना प्रणयकादंबरी या प्रकाराविषयीचा निवाडा चर्चेपूर्वीच दिला गेलेला असतो.

जॅनिस रॅडवे यांनी 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) या ग्रंथात अशा कादंबऱ्या नियमित वाचणाऱ्या अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास केला. साधलेली आणि फसलेली कादंबरी यांत या स्त्रिया काटेकोर भेद करीत. सुखान्ताची त्यांची अपेक्षा ठाम होती. आणि वाचन म्हणजे त्यांच्या लेखी घरच्या जबाबदाऱ्यांतून स्वतःसाठी काढलेला वेळ होता. संहितेचा अर्थ आणि वाचनाची कृती यांचा विचार म्हणूनच वेगवेगळा करावा लागतो. एकान्तातील ही कृती वाचकमंडळात चारचौघांसमोर येते आणि तेथेच संकोच उपजतो.

तेव्हा 'दौलत'च निवडावी, असे मला वाटते. फडक्यांनी 'प्रतिभासाधन'मध्ये (१९३१) कथात्मक लेखनाच्या तंत्राची मांडणी केली असल्याने त्यांच्या कादंबरीला त्यांच्याच कसोट्या लावून पाहता येतात. त्यांना ती उतरली वा न उतरली, तरी 'ही आपल्याला का आवडली?' हा प्रश्न उरतोच. तो टाळणारी निवड अभिरुचीची प्रतिष्ठा राखते. तिची चिकित्सा मात्र करीत नाही.